स्मार्ट वजनकाटा: ११ महिने वापरून आणि एक भांडण करून

परवा काट्यावर उभी राहिले तर वजन दिसलं, पण चरबीच्या जागी नुसत्या रेघा. सेल बदलले, ॲप काढून परत टाकलं, टाचा घासल्या. रेघाच. कस्टमर केअरला फोन केला. बिल पाठवा, व्हिडिओ पाठवा, काटा उलटा करून फोटो पाठवा, असं चार दिवस चाललं आणि शेवटी उत्तर आलं की आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. वॉरंटी संपायला अठरा दिवस बाकी होते. पाण्याचं म्हणाल तर यांच्याच माहितीपत्रकात लिहिलंय की तळपाय किंचित ओलसर असले तर रीडिंग चांगलं येतं. त्या पानाचा फोटो काढून पाठवलाय. अजून शांतता आहे. १,८९९ रुपये मोजलेत, म्हणून हे लिहायला बसले.

माझी स्लीव्ह (वजन कमी करण्यासाठी पोट लहान करायचं ऑपरेशन) झाली त्यालाही अकरा महिनेच झाले. १०८ वरून ७४. उंची १५४ सेंमी. ऑपरेशन झालेल्यांना पुढचं सांगायला नको: सकाळी डोळे उघडले की आधी काटा, मग चहा.

आता खरी तक्रार. हा काटा मागचं वजन लक्षात ठेवतो आणि फरक थोडा असेल तर जुनाच आकडा तोंडावर मारतो. पाचव्या महिन्यात मी सलग नऊ दिवस ८४.२ होते. नऊ दिवस! दिवसाला सत्तर ग्रॅम प्रोटीन मोजून घेत होते, जेवणाबरोबर पाणीसुद्धा पीत नव्हते, आणि रोज तेच ८४.२. दहाव्या दिवशी संशय आला. उतरले, पाव किलो पोह्यांचा पुडा हातात घेऊन परत चढले. ८४.२. त्यात अर्धा किलो शेंगदाणे धरले तेव्हा कुठे ८५ वर गेला. अहो दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "अगं, काट्यालाही तुझी सवय झालीय." मला तेव्हा अजिबात हसू आलं नाही.

उपाय भाच्याने सांगितला. आधी दुसरं काहीतरी ठेवायचं म्हणजे तो मागचं विसरतो. तेव्हापासून रोज सकाळी आधी पाच किलो तांदळाची पिशवी, मग मी. आणि इथे मला माझा राग थोडा गिळावा लागला, कारण पिशवीनंतरचे आकडे आले ८४.३, ८४.१, ८४.४, ८४.२. म्हणजे काटा खोटं बोलत होता, पण बातमी खरी होती. वजन अडलंच होतं.

डाएटिशियन ताईंनी पहिल्याच भेटीत इंचीटेप घ्यायला सांगितली होती, ती मी मनावर घेतली नव्हती. बोहरी आळीतून वीस रुपयांची आणली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता, आठवड्यातून एकदाच. वजन अडलं होतं त्या तीन आठवड्यांत कंबर १०४ वरून १०१ झाली. सुरुवातीला १२२ होती, आज ९४ आहे. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० च्या आत म्हणतात, तेव्हा पल्ला बाकी आहे. कापडी टेप वापराने ताणते, हे मात्र लक्षात ठेवा. मी ती महिन्यातून एकदा स्टीलच्या पट्टीवर ठेवून तपासते.

चरबीच्या आकड्याबद्दल, जो आता रेघा झालाय: तो गेल्याचं मला दुःख नाही. एका पायातून बारीक करंट सोडून दुसऱ्यातून घ्यायचा, अडथळा किती ते बघायचं आणि उरलेलं वय, उंची, लिंग यांवरून सूत्राने काढायचं, एवढंच ते आहे. करंट मुख्यतः पायांतून फिरतो, पोटाचं काम अंदाजाने. एकदा ॲपमध्ये वय ५४ चं ४४ केलं, तर दोन मिनिटांत माझी चरबी कमी झाली! ऑपरेशनपेक्षा स्वस्त. (पेसमेकर असलेल्यांनी असल्या काट्यावर उभंच राहू नये.) स्नायू टिकलेत का, हे मी खुर्चीवर बघते. हात छातीशी बांधून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठबस होते ते मोजायचं. आधी सहा, आता चौदा.

पण मला पटलेलं माप तुळशीबागेत मिळालं. भाचीच्या लग्नासाठी बांगड्या भरायला गेले आणि सवयीने 'दोन-दहा' मागितल्या. कासाराने हात हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितलं आणि म्हणाला, "ताई, दोन-सहा. दोन-दहा घातलीत तर भांडी घासताना मोरीत जाईल." बांगडीचा हिशेब इंच आणि त्याच्या सोळाव्या भागाचा. म्हणजे पाव इंचाचा फरक, आणि तो मला कुठल्याही ॲपने सांगितला नव्हता. जुना चुडा घरी आहे. अधूनमधून तो घालून हात खाली सोडते, आपोआप गळून पडतो. पोरकटपणा आहे, चालायचंच.

बाकी पटकन सांगते. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.६ वरून ५.८, गोळी डॉक्टरांनी बंद केली. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, पूर्वी चार ठिकाणी बसत होते, आता एकदाही नाही. सत्यनारायणाला पाटावर मांडी घालून पूजा संपेपर्यंत बसले. उलट बाजूही आहे: चौथ्या महिन्यात केस मुठीने गेले, बी१२ घसरलं, ते रक्तात दिसलं, काट्यावर नाही. पोटाची कातडी लोंबते, ती टेपमध्येही येते, म्हणून टेपलाही देव मानू नका.

एक तारा देणार होते, दोन देते. कारण काटा अजून वजन बरोबर सांगतो आणि त्याला काम मिळालंय. सिलिंडर आला की त्यावर ठेवते. वर लिहिलेलं रिकामं वजन १५.६, गॅस १४.२, म्हणजे २९.८ यायला हवं. परवा २९.७ आलं, सोडून दिलं. काल रद्दीवाला आला. त्याच्या तागडीत अकरा किलो, माझ्याकडे साडेतेरा. तो म्हणाला, "काकू, तुमचा काटा खराब आहे." मी आतून तांदळाची पिशवी आणली.