बंद पडलेल्या मासिकाची वर्गणी, ४९४ डॉलर

माझे ४९४ डॉलर गेले, तेही मासिकांच्या वर्गणीत! हसा खुशाल. पण तुम्ही टेक्निकल रायटर, म्हणजे यंत्रांची-सॉफ्टवेअरची मॅन्युअल लिहिणारे असाल आणि हात सुधारायला कुठलं मासिक लावावं हे शोधत असाल, तर आधी हे वाचा.

एका वर्गणी एजंटाचा ईमेल आला. तीन मासिकांचा संच, तीन वर्षं, ३४७ डॉलर, वर २९ टपालखर्च. यादीत पहिलंच नाव 'इंटरकॉम'. नाव खरं, मानाचं. म्हणून तर फसलो. लॉटरीच्या मेसेजला भुलणाऱ्यांतला मी नव्हे. पण 'इंटरकॉम' काढणारी संस्था, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, जानेवारी २०२५ मध्येच दिवाळखोरीत जाऊन बंद झाली होती, आणि मी पैसे भरले त्यानंतर पाच महिन्यांनी. प्रकाशक हयात आहे का, एवढं तरी बघा.

नमुना अंकाची पीडीएफ आली तेव्हाच कळायला हवं होतं. प्रत्येक पानाच्या तळाशी, महिना-वर्ष असतं तिथे, पांढरी पट्टी. मला वाटलं स्कॅन बिघडलंय. पावतीवरचा आयएसएसएन, म्हणजे मासिकाचा ओळखक्रमांक, तर नऊ आकडी! तो आठच आकडी असतो, चार-चार, मध्ये आडवी रेघ. लोकांच्या मॅन्युअलमधली सुटलेली पायरी हुडकून पोट भरणारा मी, मला नववा आकडा दिसला नाही? दिसला. पण सवलत रात्री बाराला संपत होती ना! (आयएसएसएनच्या पोर्टलवर क्रमांक फुकटात तपासता येतो. आणि संस्थेचं मासिक संस्थेकडूनच घ्या, बरेचदा ते सदस्यत्वातच येतं.)

अंक एकही नाही. उलट 'आपोआप नूतनीकरण' म्हणून कार्डावरून आणखी ११८ गेले. कार्ड त्याच मिनिटाला बंद करा. मी चार दिवस त्यांच्या उत्तराची वाट बघत बसलो.

बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात. पोलीस चौकीतला म्हणाला, "मासिकं? एवढ्या पैशांची?" आणि शेजारच्याकडे बघून हसला. ऑनलाइन तक्रारीच्या फॉर्मवर प्रश्न: 'वस्तू मिळाली का?' हो किंवा नाही, बस. नमुना अंक मिळाला होता, म्हणून प्रामाणिकपणे 'हो' केलं. तक्रार निकाली! फोन केला, तिघांनी एकमेकांकडे टोलवला, मग उत्तर मिळालं: निकाली तक्रार उघडत नाही, नवी करा. नवी करायला गेलो तर 'या व्यवहाराची तक्रार आधीच नोंदलेली आहे'. असला फॉर्म मी लिहिला असता तर पहिल्याच रिव्ह्यूला घरी बसवलं असतं मला.