कोरेगाव पार्कातली क्लॅश नाइट: बेस दणदणीत, मांडणी अर्धवट

कलगी-तुरा ऐकलेल्या कानांना डान्सहॉल या जमैकन संगीतप्रकारातली खडाजंगी परकी वाटत नाही. दोन गायकांची गाणी एकमेकांना भिडवणाऱ्या या क्लॅश नाइटचा बीनी मॅन विरुद्ध बाउंटी किलर हा भाग झकास जमलाय. एकाच रिडिमवर, म्हणजे त्याच वाद्यठेक्यावर, दोघांची गाणी पाठोपाठ लागतात, त्यामुळे कस लागतो तो फक्त शब्दफेकीचा. दाद मिळाली की सिलेक्टर, म्हणजे गाणी लावणारा, गाणं मागे घेऊन पहिल्यापासून लावतो. एकदा ठीक, चौथ्यांदा रंग उतरतो.

व्हाइब्ज कार्टेल-मावाडो भागात मात्र घोळ. रिडिमच वेगवेगळे, मग तोलायचं कसं? वर प्रेक्षकांना कार्टेलच्या ‘गाझा’ आणि मावाडोच्या ‘गली’ गटाचे पट्टे बांधून समोरासमोर उभं करतात. (ही गली म्हणजे आपली गल्ली नव्हे, पावसाळी नाला.) कार्टेल जमैकातल्या पोर्टमोरचा, मावाडो राजधानी किंग्स्टनच्या कॅसाव्हा पीस वस्तीचा, भांडण गाण्यातून वस्त्यांत उतरलं, शाळकरी पोरांत मारामाऱ्या झाल्या. डिसेंबर २००९मध्ये जमैकाचे तेव्हाचे पंतप्रधान ब्रूस गोल्डिंग यांना दोघांना बोलावून घ्यावं लागलं. पट्टे वाटण्याआधी निवेदकाने एवढं तरी सांगायला हवं.

सबवूफर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलेत, म्हणून कडेला नुसता घुमारा आणि पॅटवातले, म्हणजे जमैकन बोलीतले, शब्द गायब. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, हॉलच्या मध्याच्या थोडं पुढे उभं राहा. इअरप्लग घरूनच न्या, तिथे मिळत नाहीत.