ओळखीच्या नावाने येणारी फसवणूक : व्हॉट्सॲप, टेलिग्राम की सिग्नल?

अनोळखी नंबरावरून आलेला 'घरबसल्या कमवा'चा मेसेज आता बहुतेकांना ओळखता येतो. तो उडवायला तिन्ही ॲपमध्ये ब्लॉकचं बटण आहे. तेवढ्यासाठी ॲप बदलण्याची गरज नाही. खरी अडचण ओळखीच्या नावाने येणाऱ्या मेसेजची. मित्राचं खातं कोणीतरी बळकावतं आणि त्याच्याच नावाने, त्याच्याच फोटोसकट लिहितं, "माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्याकडे आलाय, जरा पाठव ना." तो कोड मित्राचा नसतो, तुमच्याच खात्याचा असतो. दिलात की पुढचे मेसेज तुमच्या नावाने जायला लागतात. अनोळखी लोकांना अडवणारी एकही चाळणी इथे उपयोगी पडत नाही, कारण पाठवणारा तुमच्या यादीतलाच आहे. म्हणून ॲप निवडताना मी दोन प्रश्नांना सगळ्यात जास्त वजन देतो. खातं बळकावणं किती अवघड आहे? आणि बळकावलं गेलंच, तर समोरच्याला त्याचा सुगावा लागतो का?

कुलूप तिन्हीकडे आहे, पण ते आपण लावायचं असतं. व्हॉट्सॲपवर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन. तो ठेवलेला नसेल, तर चोर खात्यात शिरल्यावर स्वतःचाच पिन घालून ठेवतो. अशा वेळी आपल्या नंबरावर पुन्हा एसएमएस कोड मागवून तो टाकायचा. चोर तिथल्या तिथे बाहेर फेकला जातो, मात्र त्याचा पिन माहीत नसल्याने आपल्यालाही आत यायला ७ दिवस थांबावं लागतं. पिन ठेवताना ईमेलही द्यावा, नाहीतर स्वतःचा पिन विसरलात तरी हीच वेळ येते.

सिग्नलवर पिन नोंदणीच्या वेळीच मागितला जातो आणि नेमका तिथेच गैरसमज होतो. पिन आहे म्हणजे कुलूप लागलं, असं नाही. सेटिंग्जमधल्या 'अकाउंट'मध्ये 'रजिस्ट्रेशन लॉक', म्हणजे पिनशिवाय तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदू न देणारं कुलूप, वेगळा चालू करावा लागतो. सलग ७ दिवस ॲप वापरलंच नाही, तर तो लॉक सुटतो. लांबच्या प्रवासाला निघताना हे लक्षात असू द्यावं.

टेलिग्रामची रचना वेगळी आहे. नेहमीचे चॅट त्यांच्या सर्व्हरवर असतात. चॅटमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कंपनीलाही वाचता येणार नाही अशी कुलूपबंदी, फक्त 'सीक्रेट चॅट'ला आणि तेही दोघांपुरतंच, ग्रुपला नाही. सोय मोठी आहे, कुठल्याही उपकरणावरून शिरा, सगळं समोर. पण इथलं कुलूप, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पासवर्ड, ठेवलेला नसेल, तर चोरालाही सगळंच समोर दिसतं. वर्षानुवर्षांच्या गप्पा, कोणाला तरी पाठवलेला ओळखपत्राचा फोटो, सगळं. व्हॉट्सॲप आणि सिग्नलवर एसएमएस कोड चोरून शिरणाऱ्याला जुनं काही मिळत नाही, बॅकअपही हाती लागला तर गोष्ट वेगळी. टेलिग्रामच्या बाजूने एवढं नक्की सांगायला हवं, की नवीन लॉगिन झालं की तुमच्या आधीच्या उपकरणांवर लगेच सूचना येते आणि नुकतंच शिरलेलं उपकरण जुन्यांना लगेच हाकलू शकत नाही. सूचना पाहून तुम्ही त्यालाच बाहेर काढू शकता.

दुसऱ्या प्रश्नाने माझा तराजू झुकला. एखाद्याचं खातं नव्या फोनवर नोंदलं गेलं, की त्याच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बदलतात. म्हणजे ॲपला कळलेलं असतं, की पलीकडे काहीतरी बदललं आहे. सिग्नल हे चॅटमध्येच लिहून दाखवतं, 'सेफ्टी नंबर बदलला आहे' (हा नंबर त्या किल्ल्यांवरूनच बनतो). त्यासाठी काही चालू करावं लागत नाही. व्हॉट्सॲपवर हीच सोय आहे, पण मुळात बंद ठेवलेली. सेटिंग्ज, अकाउंट, सिक्युरिटी नोटिफिकेशन्स असं आत जाऊन ती स्वतः चालू करायची आणि प्रत्येक उपकरणावर वेगळी. टेलिग्रामच्या नेहमीच्या चॅटमध्ये समोरच्याला असं काही कळतच नाही. ज्या एका ओळीमुळे माणूस पैसे पाठवण्याआधी थबकेल, ती लपवून ठेवणं मला फार खटकतं.

व्हॉट्सॲपची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. लोक नवीन फोन घेतात, ॲप काढून परत टाकतात आणि दर वेळी हीच ओळ उमटते. मोठ्या ग्रुपात तर ती इतक्यांदा दिसते, की नजर तिला सरावते. त्यामुळे ही ओळ पुरावा नाही, खूण आहे. ओळ आली आणि पाठोपाठ पैशांची किंवा कोडची मागणी आली, तर उत्तर न देता त्या माणसाला साधा फोन लावायचा. नुसती ओळ आली आणि गप्पा नेहमीसारख्या चालू आहेत, तर पुढच्या भेटीत विचारलं तरी चालतं.

या ओळीची एक मर्यादा आहे. चोराने नव्याने नोंदणी न करता स्वतःचा लॅपटॉप तुमच्या खात्याला जोडला, तर सिग्नलचा सेफ्टी नंबर बदलत नाही. ग्रुपचं आमंत्रण म्हणून भलताच क्यूआर कोड स्कॅन करायला लावून खाती जोडून घेण्याचा प्रकार गूगलच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड केला, तो सिग्नलवरचाच होता. व्हॉट्सॲपवर क्यूआरशिवाय आठ अक्षरांचा कोड फोनमध्ये टाकूनही उपकरण जोडता येतं. चोर स्वतःकडे तुमचा नंबर टाकतो, त्याला दिसलेला कोड काहीतरी निमित्त सांगून तुमच्याकडून तुमच्याच फोनमध्ये टाकून घेतो. त्यामुळे कुठलंही ॲप वापरा, 'लिंक्ड डिव्हाइसेस'ची यादी महिन्यातून एकदा उघडून बघावीच. टेलिग्राममध्ये तिचं नाव 'डिव्हाइसेस' आहे.

आता खाजगीपणाची किंमत. व्हॉट्सॲपवर एखाद्याची तक्रार केली, की त्याचे शेवटचे ५ मेसेज कंपनीकडे जातात. सिग्नलवर पाठवणाऱ्याचा नंबर आणि मेसेजचा एक सांकेतिक क्रमांक एवढंच जातं, मजकूर नाही. ऐकायला छान, पण याचा अर्थ सिग्नलच्या हातात टोळ्या हुडकायला फारसं काही उरत नाही. व्हॉट्सॲपकडे कोण कधी किती जणांना लिहितो याची माहिती असते आणि तिचा उपयोगही होतो. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत फसवणुकीच्या अड्ड्यांशी जोडलेली ६८ लाखांहून जास्त खाती बंद केल्याचं व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाने जाहीर केलं. ज्याला ही राखण कंपनीनेच करावी असं वाटतं, त्याच्यासाठी हा मुद्दा वजनदार आहे. मला स्वतःला दारावर पहारा कमी आणि दाराला नीट कडी, ही व्यवस्था जास्त पटते. सिग्नलवर फेब्रुवारी २०२४ पासून युजरनेम, म्हणजे नंबराऐवजी देता येईल असं नाव, घेता येतं. नंबरावरून शोधण्याची परवानगी 'कोणालाही नाही' केली, की नंबर हाती असलेल्या परक्यालाही तुम्ही सापडत नाही. तरीही कोणी लिहिलंच, तर विनंती मंजूर करेपर्यंत त्याचा कॉल वाजत नाही आणि तुम्ही मेसेज वाचलात हेही त्याला कळत नाही.

सोयीत मात्र सिग्नल मागे आहे. फोन हरवला आणि बॅकअप चालू नसेल, तर जुनं गेलं. बॅकअप चालू केलात, तर ६४ अक्षरांची किल्ली कागदावर लिहून ठेवावी लागते. ती हरवली, तर कंपनीही काही करू शकत नाही. आणि तुमची माणसं तिथे नसतील, तर नुसत्या ॲपचं करायचं काय?

म्हणून पैसे, कागदपत्रं, प्रकृती असं जे बोलायचं ते ज्या चार-पाच जणांशी बोलता, त्यांना तरी सिग्नलवर आणून बघा असं सुचवेन. बाकीच्यांसाठी व्हॉट्सॲप राहू द्या, पण पिन ईमेलसकट ठेवा, सिक्युरिटी नोटिफिकेशन्स चालू करा आणि ग्रुपमध्ये टाकण्याची परवानगी फक्त 'माय कॉन्टॅक्ट्स'ला ठेवा. बॅकअपचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शनही तिथे वेगळं चालू करावं लागतं. ते करताना पासवर्ड कुठे लिहून ठेवणार, हे आधी ठरवा.