संगणकातले साउंड कार्ड की टेबलावरचा यूएसबी इंटरफेस?

घरच्या घरी गायन, निवेदन किंवा वाद्यवादन ध्वनिमुद्रित करणाऱ्या, आणि त्याच संगणकावर चांगल्या स्पीकरमधून संगीत ऐकू इच्छिणाऱ्या माणसासमोर आज मुख्यतः दोन मार्ग असतात. एक म्हणजे कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये (जादा कार्ड बसवण्याच्या खाचेत) बसवायचे व्यावसायिक साउंड कार्ड आणि दुसरा म्हणजे टेबलावर ठेवून एका केबलने जोडायचा यूएसबी इंटरफेस. मी दोन्ही वापरले असून आजही दोन्ही माझ्याकडे आहेत. बिट आणि किलोहर्ट्झ यांचे आकडे दोन्हीकडे जवळपास सारखेच असल्यामुळे त्यांची चर्चा येथे करत नाही. आवाजाच्या दर्जाविषयी मी केवळ माझ्या कानांचा हवाला देऊ शकतो: मधल्या किमतीच्या दोन उपकरणांमध्ये मला जाणवलेला फरक, माइक तोंडापासून चार बोटे पुढेमागे केल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा कमीच होता.

इंटरफेसच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याच्यात सगळे एकत्र मिळते. माइकचा प्रीअँप (माइकचा क्षीण संकेत वाढवणारा भाग), कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट, गेनची म्हणजे ती वाढ कमीजास्त करण्याची खुंटी आणि हेडफोनची जागा हे सारे हाताशी असते. साउंड कार्डाला बहुधा फक्त लाइन पातळीचा, म्हणजे आधीच वाढवलेला, संकेत चालतो, त्यामुळे प्रीअँप किंवा छोटा मिक्सर वेगळा घ्यावा लागतो आणि खर्चाचा हिशेब करताना तो विसरून चालत नाही. मिक्सर आला की पातळी जुळवणेही आले. कार्डाच्या नियंत्रण पटलात बहुधा अधिक ४ डीबीयू आणि उणे १० डीबीव्ही असे संकेताच्या पातळीचे दोन पर्याय असतात व त्यांच्यात सुमारे १२ डेसिबलचे अंतर असते. मिक्सर पहिल्या पातळीवर आणि कार्ड दुसऱ्या पातळीवर ठेवले, तर मध्य सप्तकात सारे ठीक वाटते आणि तार सप्तकातल्या पहिल्याच जोरकस तानेला आवाज फाटतो. दोन्ही पातळ्या एकदा जुळवल्या की त्यांच्याकडे पुन्हा पाहावे लागत नाही.

विलंबाच्या, म्हणजे माइकमध्ये गेलेला आवाज संगणकातून हेडफोनपर्यंत परत यायला लागणाऱ्या वेळाच्या, बाबतीत कार्डाचे पारडे थोडे जड आहे, परंतु जाहिरातींमध्ये दाखवतात तितके नाही. बफर (आवाजाचे नमुने तात्पुरते साठवण्याची जागा) १२८ सॅम्पलचा म्हणजे नमुन्यांचा आणि सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुन्यांचा, असेल, तर एका दिशेचा हिशेब सुमारे २.७ मिलिसेकंद होतो. आवाज आत येऊन पुन्हा बाहेर जायचा असल्यामुळे तो दुप्पट धरावा लागतो, त्यात आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे आवाजात रूपांतर करणाऱ्या रूपांतरकांचा वेळ मिळवावा लागतो, आणि यूएसबीच्या ड्रायव्हरने सुरक्षिततेसाठी राखून ठेवलेला, पटलावर न दिसणारा आणखी थोडा बफरही धरावा लागतो. माझ्याकडे त्याच संगणकावर कार्ड ६४ सॅम्पलवर निर्धोक चालते, तर इंटरफेस २५६ च्या खाली नेला की मधूनमधून कडकड ऐकू येते. दुसऱ्याच्या संगणकावर हे चित्र वेगळे असू शकेल. गायकाला स्वतःचा आवाज हाडांमधून तत्क्षणी ऐकू येत असतो, त्यामुळे हेडफोनमधला दहा-बारा मिलिसेकंद मागे पडलेला आवाज त्याला खटकतो. मात्र संगणकाला वळसा घालून आवाज थेट हेडफोनकडे नेण्याची सोय इंटरफेसवर असते, आणि कार्डासोबतच्या मिक्सरवर तर ती असतेच. म्हणून या मुद्द्यावर निर्णय घ्यावा असे मला वाटत नाही.

आवाजाच्या प्रदूषणाचा विचार मात्र करावा. कार्ड म्हणजे डेस्कटॉप आणि डेस्कटॉप म्हणजे पंखा. शांत खोलीत तंबोऱ्याच्या मागे ती घरघर ऐकू येते. यावर कॅबिनेट शेजारच्या खोलीत ठेवून बॅलन्स्ड (लांब अंतरावरही बाहेरचा गोंगाट न पकडणारी) केबल दारातून आत आणणे हाच उपाय मला रास्त वाटला. लॅपटॉपचा पंखा त्या मानाने सौम्य असतो, पण तेथे चार्जरचा त्रास होतो. आपल्याकडच्या अनेक घरांत अर्थिंग यथातथाच असते, त्यामुळे चार्जर लावताच यूएसबीवर चालणाऱ्या इंटरफेसमधून बारीक भुणभुण सुरू होते आणि तो काढताच थांबते, हा अनुभव पुष्कळांना आला असेल. संगणकाच्या आत विद्युत गोंगाट फार असतो म्हणून कार्ड टाळावे, असे नेहमी सांगितले जाते, परंतु मला गोंगाट ऐकू आला तो बहुतेक वेळा बाहेरच्या पेटीतूनच. अर्थात वीज गेल्यावर लॅपटॉप आणि इंटरफेस यांचे काम चालू राहते आणि यूपीएस नसेल तर डेस्कटॉप जागीच बंद पडतो, हेही तितकेच खरे आहे.

माझा कौल ज्या गोष्टीने ठरला ती वरकरणी क्षुल्लक आहे: इंटरफेस काढून पुन्हा जोडला की संगणकाची मांडणी जागेवर राहत नाही. विंडोजमध्ये तो एका पोर्टमधून काढून दुसऱ्या पोर्टला लावला, तर यंत्रणा पुष्कळदा त्याला नवे उपकरण समजते आणि त्याच्या नावाआधी दोनचा किंवा तीनचा आकडा जोडते. मग ज्या प्रोग्रामने जुने नाव लक्षात ठेवलेले असते, त्याला माइक सापडत नाही. इंटरफेस काढलेला असतानाच्या काळात मुख्य उपकरणाचा मान लॅपटॉपच्या स्पीकरला, किंवा एचडीएमआयने जोडलेल्या पडद्याला, मिळालेला असतो आणि तो नेहमीच आपणहून परत येत नाही. नव्या नावाच्या उपकरणाचा मूळ सॅम्पल रेटही पुन्हा तपासावा लागतो. ऑनलाइन शिकवणीत याचा विशेष जाच होतो, कारण ब्राउझर मुकाट्याने लॅपटॉपचा माइक निवडतो. इंटरफेसवरचे दिवे लुकलुकत असतात, पातळीचा काटा हलत असतो आणि पलीकडच्या विद्यार्थ्याला मात्र खोलीच्या कोपऱ्यातून आल्यासारखा आवाज ऐकू येतो. माझ्या इंटरफेसच्या निर्मात्याकडे विचारणा केली तेव्हा ड्रायव्हर नव्याने टाकण्याचा सल्ला मिळाला. त्याने मूळ प्रश्न सुटला नाही.

हा त्रास पुष्कळसा आवरता येतो. इंटरफेससाठी एकच पोर्ट कायमचा ठरवावा, मध्ये हब आणू नये, पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबीला झोपवणारी सोय बंद करावी, प्रत्येक प्रोग्राममध्ये मुख्य उपकरणावर विसंबण्याऐवजी नाव घेऊन इंटरफेस निवडावा, आणि ध्वनीच्या पटलातल्या कम्युनिकेशन्स विभागात, संभाषण सुरू होताच इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याऐवजी काहीच न करण्याचा पर्याय निवडावा. ही सारी काळजी मी घेतो. तरीही पाहुण्यांसाठी टेबल आवरले, इंटरफेस कपाटात गेला आणि परत आला, की ध्वनिमुद्रणाआधीचा काही वेळ पटले तपासण्यात जातो, आणि तोवर गाण्याची लागलेली तंद्री मोडलेली असते.

कार्ड मात्र बसवल्या जागी राहते. मदरबोर्डवरच्या ध्वनीला मुख्य उपकरण ठरवून यंत्रणेचे टिणटिण आवाज तिकडे पाठवावेत आणि कार्ड फक्त ध्वनिमुद्रणाच्या व संगीत ऐकण्याच्या प्रोग्रामला, त्याच्या स्वतःच्या आसिओ ड्रायव्हरमधून (विंडोजच्या ध्वनिव्यवस्थेला वळसा घालून प्रोग्रामला थेट कार्डाशी जोडणाऱ्या ड्रायव्हरमधून) द्यावे. ही विभागणी माझ्याकडे एकदा केल्यावर टिकून राहिली आहे. ध्यानात ठेवायचे ते घड्याळाचे, म्हणजे सॅम्पलचा वेग ठरवणाऱ्या ठोक्यांचे. डिजिटल इनपुट वापरायचे नसेल तर घड्याळाचा स्रोत अंतर्गतच ठेवावा. बाहेरून ४८ किलोहर्ट्झचे घड्याळ येत असताना ४४.१ ची फाइल रूपांतर न होता वाजली, तर पांढरी एकमध्ये गायलेले गाणे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी जाऊन बसते. लिनक्स वापरणाऱ्यांना उपकरणाचा क्रमांक बदलण्याचा, वर सांगितलेल्या विंडोजसारखाच प्रकार अल्सामध्ये, म्हणजे लिनक्सच्या ध्वनियंत्रणेत, भेटतो. तेथे कार्डाचा उल्लेख क्रमांकाऐवजी नावाने केला की बव्हंशी निभावते.

एकच माइक, लॅपटॉप आणि फिरते काम असेल, तर इंटरफेसच घ्यावा. तेथे कार्डाचा प्रश्नच उद्भवत नाही. आरएमईसारख्या कंपनीचे टोटलमिक्स हे अंतर्गत मिक्सरचे पटल तिच्या कार्डांइतकेच तिच्या यूएसबी उपकरणांवरही मिळते, म्हणजे खर्चाला हात सैल सोडता येणाऱ्याला कार्ड आणि इंटरफेस यांच्यातली तफावत आणखी कमी वाटेल. पण खोली ठरलेली असेल, डेस्कटॉप आधीच घरात असेल आणि रोज त्याच जागी बसायचे असेल, तर कार्ड आणि साधा मिक्सर या जोडीचा विचार जरूर करावा, असे मी सुचवीन. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात किंवा अन्यत्र वापरलेले कार्ड पाहायला जाताना तीन गोष्टी तपासून घ्याव्यात: ते जुन्या पीसीआयचे आहे की पीसीआय एक्सप्रेसचे, कारण पहिले नव्या मदरबोर्डांवर सहसा बसत नाही, आपल्या विंडोजसाठी निर्मात्याचा ड्रायव्हर आजही उपलब्ध आहे का, आणि मागच्या जोडणीची अनेक तोंडांची केबल सोबत मिळते आहे का, कारण ती नंतर वेगळी शोधत बसणे महागात पडते.