ताजी एमओटी, ताजं डांबर आणि माझे ३,४५० पाउंड: जुनी एमएक्स-५ घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

ब्रिटनमध्ये राहता आणि रोज ऑफिसला न्यायला जुनी माझदा एमएक्स-५ शोधताय? मग पैसे देण्याआधी हे वाचा. माझे ३,४५० पाउंड गेलेत, गाडीची एमओटी (ब्रिटनमधली दरवर्षीची सक्तीची तपासणी) नुकतीच पास झालेली असूनही. २०० पाउंड गाडी राखून ठेवायला आणि ३,२५० गाडीशेजारी उभं राहून, फोनवरून थेट विक्रेत्याच्या खात्यात. गाडी २००४ ची, दुसऱ्या पिढीतली, १.८ लिटरचं इंजिन, ७८,००० मैल. नंतर गॅरेजात रॅम्पवर चढवल्यावर हातात पडलेला खर्चाचा अंदाज असा: पुढचे दोन्ही चेसिस रेल (गाडीच्या सांगाड्याचे खालचे, तुळईसारखे लांब भाग) १,४४० पाउंड, मागचे दोन्ही सिल (दाराखालचा पत्रा) ९६०, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप ४२०, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) १३०. एकूण २,९५० पाउंड.

जुन्या गाड्या विकणारे ठग कसे फसवतात ते तुम्हाला ठाऊकच असेल. गाड्यांचा धंदा करणारा माणूस स्वतःला घरगुती विक्रेता म्हणवतो. लॉगबुकवर (गाडीच्या सरकारी नोंदणीच्या कागदावर) नाव भलत्याचंच, विचारलं तर 'मेव्हण्याची गाडी आहे, तो परदेशी गेलाय'. हे सोंग कशासाठी, तर व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीत दोष निघाला, तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे ३० दिवसांत गाडी परत करून पूर्ण पैसे मागता येतात. घरगुती विक्रेत्याकडून घेतली की हा हक्क नाही. गाडी वर्णनाप्रमाणे आहे का आणि ती विकायचा त्याला अधिकार होता का, एवढ्यावरच भांडता येतं. व्यापाऱ्याने घरगुती विक्रेता असल्याचं भासवणं हा गुन्हा आहे. पण तो सिद्ध कोण करणार?

जाहिरातीत 'रोज वापरात' असं लिहिलं होतं आणि ते वाचून बरं वाटलं होतं. या गाडीच्या बाबतीत ते शब्द धोक्याचे आहेत. एमएक्स-५ चं इंजिन रोजच्या वापराने बिघडत नाही, गिअरबॉक्सही दणकट असतो. सडतो तो पत्रा. बारा महिने रस्त्यावर पावसात उभी राहिलेली आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून धावलेली गाडी दोन ठिकाणी हमखास गंजते.

पहिली जागा मागचे सिल, म्हणजे दाराखालचा, मागच्या चाकापुढचा भाग. कापडी छपरावरचं पाणी मागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. पानं आणि माती साचून त्या नळ्या तुंबल्या की पाणी सिलमध्ये शिरतं आणि पत्रा आतून खातं. तपासणी सोपी आहे. छपराच्या मागच्या पन्हळीत दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा लिटर पाणी सावकाश ओता. ते मागच्या चाकाच्या जरा पुढे, गाडीखाली गळायला हवं. गळलं नाही, किंवा सीटमागचा गालिचा ओला झाला, तर सिल आतून गेलेला आहे असं समजून चला. नळी साफ करायला लवचीक प्लॅस्टिकची दांडी वापरा, टोकदार तार घातलीत तर नळी फाटेल. वर्षातून दोनदा हे करणाऱ्याची गाडी वाचते.

दुसरी जागा जास्त घातकी, कारण ती दिसतच नाही. पुढचे चेसिस रेल. दुसऱ्या पिढीत हे रेल दुहेरी पत्र्याचे आहेत. दोन पत्र्यांच्या मध्ये ओल आणि चिखल अडकतो आणि गंज आतून बाहेर येतो. पुढच्या अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) ब्रॅकेटच्या आसपास पत्रा फुगलेला दिसला, तर आतला थर कधीच संपलेला असतो. त्यावर इंजिनखालचं प्लॅस्टिकचं आवरण असतं आणि एमओटी करणारा ते काढत नाही. काही उघडून बघायचं नाही, दिसेल तेवढंच तपासायचं, असा नियमच आहे. गाडी त्या टेस्टमधून रीतसर पास झाली होती आणि रेल सडलेले होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे एकदा मनात पक्कं करा.

आता तो क्षण. मी गुडघ्यावर बसून खाली पाहिलं तेव्हा सगळं काळंकुळकुळीत होतं. ताजा डांबरी लेप, वासही येत होता. लेपाचे शिंतोडे एक्झॉस्टवर आणि ब्रेकच्या होसवर उडालेले होते. गाडी जपायला लेप मारणारा माणूस आधी गंज घासतो, मग होस झाकून नीट मारतो. घाईने सगळ्यावर फवारणारा काहीतरी झाकत असतो. मी विचारलं, विक्रेता म्हणाला, 'हिवाळ्याआधी मुद्दाम करून घेतलं.' तिथेच उठून निघायला हवं होतं. पण हातात अगदी ताजं पास सर्टिफिकेट होतं, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं, गिअर लोण्यासारखे पडत होते, टायमिंग बेल्टचं बिलही दाखवलं. त्या परिस्थितीत दहातल्या नऊ जणांनी विश्वास ठेवला असता. बिलावरचा गाडीचा नंबर दुसऱ्याच गाडीचा होता. अंगठा नेमका त्या नंबरावर ठेवून त्याने ते समोर धरलं होतं.

एमओटीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून फुकट दिसतो, २००५ पासूनचा. नुसतं 'पास' पाहून बंद करू नका. प्रत्येक वर्षाच्या सूचना, म्हणजे पास करतानाही तपासणाऱ्याने नोंदवलेले इशारे, वाचा. या गाडीला दोन वर्षांपूर्वी 'मागचे सिल गंजलेले' अशी सूचना होती. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावातल्या गॅरेजात टेस्ट, आणि सूचना गायब. मध्ये वेल्डिंगचं बिल नाही. पत्र्याचा गंज आपोआप जात नाही, मग वर पुट्टी आणि रंग आहे. बारीक चुंबक फडक्यात गुंडाळून सिलवर फिरवा. जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे.

क्लचचंही पाहा. बोनेटखालच्या क्लचच्या टाकीतलं तेल काळं असेल किंवा पातळी उतरलेली असेल, तर स्लेव्ह सिलिंडर गळतोय. त्याचं रबरी टोपण जरा मागे सरकवलं की आतला ओलावा दिसतो. रोज ट्रॅफिकमध्ये चालवायची असेल तर हे टाळू नका, एक दिवस पेडल खालीच राहतं आणि गिअर पडत नाही.

पैसे गेल्यावर मदत कोण करतं? कोणी नाही. पोलीस म्हणाले, हा दिवाणी वाद आहे. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, वस्तू मिळाली आहे, दिवाणी वाद आहे. ग्राहक मदतवाहिनीवर ताटकळल्यावर एक संदर्भ क्रमांक मिळाला आणि 'माहिती पुढे पाठवली आहे' हे वाक्य. पुढे म्हणजे कुठे, कोण वाचणार, केव्हा, याचं उत्तर नाही. व्यापाऱ्यांवर कारवाई करणाऱ्या खात्याशी सामान्य माणसाला थेट बोलताच येत नाही. जाहिरात छापणाऱ्यांनी जाहिरात काढली, म्हणजे माझा पुरावाच काढला, आणि त्याच नंबरावरून त्या माणसाची दुसरी गाडी विकायला आली, तीही मी कळवली, तिचंही काही झालं नाही. प्रत्येकाने मला दुसऱ्याकडे पाठवलं आणि प्रत्येकाने पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. माणूस धडधडीत खोटं बोलून धोकादायक गाडी विकतो, आणि सगळी यंत्रणा मला विचारते की मी नीट पाहिलं होतं का!

आणि जे सांगायला हवं होतं ते एकानेही सांगितलं नाही. पास झालेल्या टेस्टवर आक्षेप घेता येतो. गंजाचा दोष असेल तर टेस्टनंतर तीन महिने, इतर दोषांसाठी २८ दिवस. अर्ज डीव्हीएसएकडे, म्हणजे एमओटीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, करायचा. त्याआधी वेल्डिंग करू नका, पुरावा जातो. दुसरं, रस्त्यावर चालवण्याजोगी नसलेली गाडी विकणं हा १९८८ च्या रोड ट्रॅफिक कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे, आणि तो घरगुती विक्रेत्यालाही लागू होतो. पत्रव्यवहारात हे कलम लिहा.

अनामत तरी क्रेडिट कार्डाने मागून बघा. १०० पाउंडांवरच्या आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीवर थोडी रक्कम कार्डाने दिली, तरी कार्ड कंपनी जबाबदार धरता येते. हा विक्रेता कार्ड घेत नाही म्हणाला. घरगुती माणसाकडे यंत्र नसतं, हे मला पटलं होतं आणि आजही ते अवाजवी वाटत नाही.

न्यायालयात दावा लावायला २०५ पाउंड शुल्क भरलं आहे. आधी १४ दिवसांची मुदत देणारं पत्र पाठवलं होतं, ते 'या पत्त्यावर असं कोणी राहत नाही' म्हणून परत आलं. गाडी दाखवली तो रस्ता त्याचा नव्हताच. म्हणून गाडी फक्त लॉगबुकवरच्या पत्त्यावर, त्या घराच्या आत जाऊन बघा. विकणाऱ्याच्या ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो घ्या आणि त्यावरचं नाव लॉगबुकशी आणि बँक खात्याशी जुळवा. तिन्हींपैकी एक जरी जुळलं नाही, तरी पैसे पाठवू नका.