स्टिकर सोडले, डिस्कवरच छपाई: अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरी नदीच्या पात्रात बसून आमच्या अहिराणी गाण्यांच्या सीडी विकल्या. वर गोल कागदी स्टिकर. आठवड्याभरात चोपड्याहून फोन आला, गाडीच्या प्लेअरमध्ये सीडी अडकली. डॅशबोर्ड खोलावा लागला. उन्हाने गोंद सैल पडून स्टिकरची कड उचलली होती. दुरुस्तीचे पैसे मी दिले, पण आपल्या गाण्यांपायी त्या माणसाला त्रास झाला हे फार लागलं.

मग छपाईसाठीच्या पांढऱ्या पाठीच्या डिस्क आणल्या आणि डिस्कचा ट्रे असलेला सहा रंगांचा इंक टँक प्रिंटर घेतला. आजवर सातशेच्या आसपास डिस्क गेल्या, अडकल्याची तक्रार एकही नाही.

सीडीची गाणी असतात ती खालच्या चकचकीत बाजूला, असंच मी समजत होतो. खरं तर गाणी ज्यात असतात तो चंदेरी थर लेबलच्या बाजूला, लॅकरच्या म्हणजे संरक्षक लेपाच्या पातळ थराच्या लगेच खाली असतो. बॉलपेन दाबून लिहिलं किंवा स्पिरिटचा उग्र वास येणारा मार्कर वापरला तर घाव थेट गाण्यावर. डीव्हीडीत तो थर 0.6 मिमीच्या दोन चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो, पण तिच्यावर माहिती ज्या बारीक रेषांत कोरलेली असते त्यांच्यामधलं अंतर फक्त 0.74 मायक्रॉन, सीडीत 1.6. म्हणून स्टिकरने डिस्क जराशी वाकली तरी डीव्हीडीचं चित्र आधी अडकतं. हाताने लिहायचंच असेल तर पाण्याच्या शाईचा, मऊ टोकाचा मार्कर घ्या.

छापण्याआधी पांढऱ्या भागाचा आतला व्यास पट्टीने मोजून सेटिंगमध्ये टाका. मधल्या पारदर्शक कड्यावर शाई गेली तर ती वाळतच नाही.

वाळवणं मात्र मी हलक्यात घेतलं. श्रावणात, आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या रोटांच्या सणात मागणी वाढली, हवा दमट, आणि सकाळी छापलेल्या डिस्क संध्याकाळी पाकिटात भरल्या. "रंग हातले लागी ग्या, भाऊ," म्हणत एक मावशी परत आल्या. त्या दिवसापासून पूर्ण 24 तास सावलीत, एकावर एक न ठेवता वाळवतो. तरीही ओला हात लागला की रंग पसरतो, हा या छपाईचा खरा उणेपणा. खर्चही स्टिकरपेक्षा जास्त. तरी मी पुन्हा हेच घेईन.

जुन्या सीडीवरचा स्टिकर मात्र ओढून काढू नका, चंदेरी थर त्याच्यासोबत निघून येतो. माझ्याकडे उरलेल्या सगळ्या मी नव्या डिस्कवर उतरवून घेतल्या. यात्रेत ज्यांनी घेतल्या त्यांनाही सांगतोय, जुनी आणा, नवी फुकट न्या.