१० डिसेंबरला हॉलमध्ये कुठली डॉक्युमेंटरी लावायची? 'ॲक्ट ऑफ किलिंग', 'लुक ऑफ सायलेन्स' की 'फॉर समा'

मानवी हक्क दिनाला एखादी डॉक्युमेंटरी दाखवू म्हणणारे सांगली-मिरजेत, तासगाव-विट्याकडं बरेच जण असतात, आणि सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं, लावायची कुठली. नेटवरच्या याद्यांत पुरस्कार दिलेले असतात, पण वाचनालयाच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं शेवटपर्यंत बसतील का आणि नंतर तोंड उघडतील का हे कुणी सांगत नाही. त्यात डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, सातचा शो साडेसातला सुरू होणार आणि लांबच्यांना शेवटची एसटी गाठायची असणार, म्हणजे अडीच-तीन तासांचं काही नकोच. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीवरची, म्हणजे होलोकॉस्टवरची, 'शोआ' तर नऊ तासांच्या वर आहे, हॉलसाठी तिचा नादच करू नका.

माझ्या मते खरी निवड तिघांत आहे. त्यातल्या दोन दिग्दर्शक जोशुआ ओपनहायमरच्या, एकाच विषयावरच्या. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवून माणसं मारली, कमीत कमी पाच लाख, काही अंदाज दहा लाखांपर्यंत जातात, आणि मारणाऱ्यांवर खटले नाहीत काही नाहीत, उलट गावात मान. 'द ॲक्ट ऑफ किलिंग' २०१२ ची, त्यात हे मारेकरीच कॅमेऱ्यासमोर आहेत. मुख्य माणूस अन्वर काँगो, मेदान शहरात थेटराबाहेर तिकिटं ब्लॅक करणारा. ओपनहायमरनं त्याला म्हटलं, तुम्ही जे केलं ते तुम्हाला हवं तसं शूट करून दाखवा, तर हा पठ्ठ्या हॉलिवूडच्या गँगस्टर पिक्चरसारखे सीन करायला लागतो. गच्चीवर नेऊन सांगतो की आधी रक्त फार व्हायचं, वास मारायचा, म्हणून मग तारेनं गळा आवळायची युक्ती काढली, आणि तिथंच चा-चा-चा नाचून दाखवतो. नंतर ते फुटेज त्याला टीव्हीवर दाखवलं तर याची तक्रार काय, तर मी पांढरी पँट घालायला नको होती.

फिल्म म्हणून तिघांत मला हीच सगळ्यात भारी वाटते, तरी हॉलसाठी मी ती सुचवणार नाही. एक तर लोक हसतात, हसू येईल असंच ते आहे, आणि मग आपण हसलो म्हणून अवघडून गप्प बसतात. दुसरं म्हणजे मेलेल्यांची बाजू जवळपास नाहीच, ज्याला मागचापुढचा इतिहास ठाऊक नाही त्याला नेमकं काय झालं होतं हे अर्ध्या तासानंतरही उलगडत नाही. शेवटी त्याच गच्चीवर अन्वरला कोरड्या ओकाऱ्या येतात, त्या खऱ्या की कॅमेऱ्यासाठी यावर रात्रभर वाद घालता येतो पण तो वाद चार जणांत रंगतो, हॉलमध्ये नाही. शिवाय हिची दोन व्हर्जन्स आहेत, एक दोन तासांचं, दुसरं अडीच तासांच्या वर, लावायचीच असेल तर कुठलं हातात पडलंय ते आधी बघा.

'द लुक ऑफ सायलेन्स' २०१४ ची, पावणेदोन तासांची, आणि तीच गोष्ट उलट्या बाजूनं सांगते. आदी नावाचा माणूस, धंद्यानं चष्मेवाला. त्याचा थोरला भाऊ रामली १९६५ मध्ये मारला गेला, आदी त्याच्यानंतर जन्मला. हा त्या मारेकऱ्यांच्या घरी जातो आणि डोळे तपासता तपासता विचारतो. चष्म्याच्या दुकानात ती जड गोल फ्रेम नाकावर बसवून काचा बदलत 'आता दिसतंय का' विचारतात ना, तीच फ्रेम घालून म्हातारा बसलाय, अगदी खुशीत जुन्या बढाया मारतोय, आणि आदी काच बदलता बदलता हळूच पुढचा प्रश्न टाकतो. आवाज चढत नाही, आरडाओरडा नाही. एका ठिकाणी दुसऱ्या एका मारेकऱ्याची मुलगी बापाची करणी पहिल्यांदाच ऐकते आणि आदीची माफी मागते. वर्गातला एक सीन आहे, मास्तर कम्युनिस्ट किती क्रूर होते ते रंगवून सांगतायत आणि समोर आदीचा मुलगा बसलाय, मग घरी आदी त्याला खरं काय ते सांगतो. आम्ही सांगलीच्या विश्रामबागेत ही लावली होती तेव्हा सगळी चर्चा या वर्गातल्या सीनवरच झाली, रिटायर्ड मास्तर मंडळी असली की होतेच, आणि थांबवता थांबवेना. मारेकरी आणि नातेवाईक एकाच गावात राहतात, बाजारात रोज समोरासमोर येतात, ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला वेगळी समजवावी लागत नाही.

'फॉर समा' २०१९ ची, सिरियातल्या अलेप्पोची. वाद अल-कतेब ही बाई शहर वेढलेलं असताना स्वतः कॅमेरा चालवते, नवरा डॉक्टर, दवाखान्यातच संसार, १ जानेवारी २०१६ ला मुलगी झाली ती समा, आणि सगळी फिल्म आई तिला सांगतेय अशी. डॉक्युमेंटरीची सवय नसलेल्यांना ही सगळ्यात आधी पकडते. पण मुलांचे मृतदेह दिसतात, जवळून दिसतात. जखमी गरोदर बाईचं सिझेरियन करून निपचित बाळ बाहेर काढतात आणि डॉक्टर त्याला चोळत राहतात, तो सीन बघताना हॉलमधून कुणी उठून गेलं तर नवल वाटायला नको. शाळेची पोरं असतील तर नाही म्हणजे नाही, मोठ्यांनाही सुरुवातीला कल्पना द्या. युक्रेनची '२० डेज इन मारियुपोल' हिच्याच जवळची, २०२४ चं ऑस्कर तिला मिळालं, पण त्यात माणसं येतात आणि जातात, समाच्या घरासारखं एक घर हाताशी राहत नाही.

कंबोडियाची 'एस-२१' अभ्यासाला चांगली, ख्मेर रूज राजवटीनं शाळेचा तुरुंग केला होता, त्याचंच हे नाव, तिथं जुने पहारेकरी रिकाम्या खोल्यांत आपली ड्युटी पुन्हा करून दाखवतात, पण फार संथ, कॉलेजची पोरं मोबाईल काढतात. आणि जगाचं कशाला, आपलं दाखवा असं कुणीतरी म्हणणारच, त्यांचं बरोबर आहे. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'ला आपल्याकडं सबटायटलची फारशी गरज पडत नाही, घाटकोपरच्या रमाबाई नगरातला १९९७ चा पोलिसांचा गोळीबार, दहा माणसं गेली, आणि चौदा वर्षं चाललेलं शूटिंग. ती तीन तासांच्या घरातली आहे, तिला रविवार सकाळ द्या.

तर दहा तारखेला 'लुक ऑफ सायलेन्स', ज्याला आवडेल त्यानं नंतर घरी 'ॲक्ट ऑफ किलिंग' बघावी. बायकांच्या ग्रुपचा किंवा नर्सिंगच्या मुलींचा शो असेल तर 'फॉर समा'. इंग्रजी सबटायटल भराभर वाचणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून कोण कोणाचा कोण हे मराठीत एका पानावर छापून दारातच वाटा. 'लुक ऑफ सायलेन्स' संपली की लगेच लाइट लावू नका, शेवटच्या पाट्यांत इंडोनेशियातल्या टीममधल्या बऱ्याच जणांची नावं नाहीत, जिवाला धोका म्हणून ओळीनं 'अनामिक' येत जातं, ते लोकांना बघू द्या. आणि घरच्या ओटीटी सबस्क्रिप्शनवर हॉलमध्ये शो लावता येत नाही, वितरकाची परवानगी लागते आणि उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा दिवाळीची वाट न बघता गणपतीतच मेल टाकून ठेवा.